सहा दिवसांची वही, सातानं भागाकार

पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्ता हा दोन श्रेयांकांचा विषय विद्यापीठ अनुदान आयोगानं डिसेंबर २०१९ मध्ये सक्तीचा केला. तेव्हापासून हा विषय शिकवणाऱ्यांची एक पंचाईत झाली आहे. उदाहरणं सगळी बाहेरची. बोस्टनच्या डॉ. मायकेल डॅन्सिंजर यांचा लेख एका नामांकित वैद्यकीय जर्नलनं नाकारला आणि तो तपासणाऱ्या रिव्ह्यूअरनंच तो स्वतःच्या नावावर दुसरीकडे छापून आणला. २०१६ मध्ये त्याच जर्नलमध्ये डॅन्सिंजर यांनी त्या रिव्ह्यूअरला उघड पत्र लिहिलं. हे सांगितलं की वर्ग चुकचुकतो, टिपून घेतो आणि ‘असले लोक असतात बाबा’ म्हणून वही मिटतो. आपल्याकडं इतकं उघड कुणी करत नाही. आपल्याकडं जे होतं ते फार साधं आणि रोजचं असतं, त्यामुळं ते कुणाला चोरी वाटतच नाही.

म्हणून हे सोलापूरचं प्रकरण. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून दोन-तीन ठिकाणी घडलेल्या गोष्टी एकत्र करून ते चर्चेसाठी रचलं आहे, तेव्हा यातल्या कुणाला शोधायला जाऊ नये. नियम मात्र आहेत तसेच घेतले आहेत.

माणसं आणि विषय

विद्यार्थिनी पूर्व भागातली, पद्मशाली घरातली. घरात तेलुगू, बाहेर मराठी. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची. स्वतः एका महाविद्यालयात सीएचबीवर, म्हणजे जितके तास तितका पगार, आणि तोही महिनोन्‌महिने अडकलेला. पीएच.डी.चा विषय सोलापुरातल्या विडी कामगार महिलांचं प्रत्यक्ष उत्पन्न. प्रबंध मराठीत.

मार्गदर्शक सर विभागप्रमुख. वाईट माणूस अजिबात नव्हे. विद्यार्थ्यांच्या फीसाठी स्वतःच्या खिशातून पैसे भरलेले मला माहीत आहेत. पण नॅकची, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची कामं, परीक्षेची कामं, निवडणुकीची ड्यूटी, सात विद्यार्थ्यांचे प्रबंध आणि वर प्रमोशनची फाइल. सगळीकडं सह्या करणारा माणूस.

तिसऱ्या तेलंगणातल्या एक प्राध्यापक बाई. त्याही विडी कामगारांवर काम करणाऱ्या. या तिघांची प्रत्यक्ष गाठ प्रकरण पेटल्यावरच पडली.

विषयाची थोडी कल्पना असल्याशिवाय पुढचं कळणार नाही. विडीचं काम घरी होतं. कारखान्याच्या ब्रँचमधून बाईला तेंदूची पानं आणि तंबाखू मोजून मिळतो. पानं भिजवायची, साच्यावर धरून कात्रीनं कापायची, वळायची, दोरा बांधायचा, बंडलं करून ब्रँचला नेऊन द्यायची. मजुरी हजार विड्यांवर. कागदावर हिशेब सरळ दिसतो. पण मिळालेली पानं फाटकी, भोकाची, वाळकी निघाली तर हजार पुरे होत नाहीत आणि कमी पडलेलं पान बाईला बाजारातून विकत आणावं लागतं. वाईट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत. १९६६ मध्ये विडी व सिगार कामगार कायदा झाला, मजुरीचे दर ठरलेले आहेत, तरी बाईच्या हातात खरोखर किती उरतं हे मजुरीच्या दरावरून कळत नाही.

विद्यार्थिनीच्या पहिल्या प्रश्नावलीत सरळ विचारलं होतं: ‘आपलं मासिक उत्पन्न किती?’ आणि उत्तरं यायची ती दराचा पाढा म्हटल्यासारखी, सगळ्यांची सारखीच. ती अडली होती ती इथं.

सरांचा मेसेज

एका जर्नलच्या संपादकांनी सरांना एक लेख पिअर रिव्ह्यूसाठी, म्हणजे छापण्याआधी विषयातल्या जाणकारानं तपासायला, पाठवला. विषय विडी कामगारांचं निव्वळ उत्पन्न, अभ्यास दुसऱ्या जिल्ह्यातला. लेखकाचं नाव झाकलेलं, लेखकालाही रिव्ह्यूअरचं नाव कळणार नाही अशी व्यवस्था. ईमेलमध्ये नेहमीची ओळ होती: हस्तलिखित गोपनीय आहे, दुसऱ्या कुणाला दाखवायचं असल्यास आधी कळवावं.

सरांनी ती पीडीएफ व्हॉट्सअॅपवर विद्यार्थिनीला पाठवली. खाली लिहिलं: ‘तुझाच विषय आहे गं. परवापर्यंत दोन पानं इंग्रजीत लिहून दे. बाहेर कुठं जाऊ देऊ नकोस.’

वर्गात या मेसेजपाशी मी बराच वेळ थांबतो, कारण मुलांना यात काही वावगं दिसत नाही. उलट सर किती विश्वास टाकतात, असं वाटतं. आणि ते सोलापुरातच वाटतं असंही नाही. तरुण संशोधकांच्या एका पाहणीत, जी २०१९ मध्ये ‘ई-लाइफ’ या जर्नलमध्ये आली, जवळपास निम्म्यांनी सांगितलं होतं की वरिष्ठांच्या नावानं जाणारा रिव्ह्यू आपण लिहिलेला आहे आणि आपलं नाव संपादकाला कळवलेलं नाही. तेव्हा हा रिवाज जगभरचा. पण सरांची शेवटची ओळ पाहा. बाहेर जाऊ देऊ नकोस, म्हणजे हे घरातलं नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या हिशेबी विद्यार्थिनी ‘बाहेर’ नव्हती, एवढंच.

प्रकाशन नीतिमत्तेची समिती, म्हणजे १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेली ‘कोप’, रिव्ह्यूअरसाठी जे सांगते ते याच्या नेमकं उलट आहे. विद्यार्थ्याला शिकवण्यासाठी सोबत घ्यायला कुणाची ना नाही. फक्त आधी संपादकाची परवानगी घ्यावी आणि रिव्ह्यूमध्ये त्याचं नाव लिहावं. दोन ओळींचा ईमेल. तो गेला असता तर संपादकांनीच विचारलं असतं, की या विद्यार्थिनीचा प्रबंध याच विषयावर आहे का? आणि लेख बहुधा दुसऱ्या कुणाकडं गेला असता.

विद्यार्थिनीनं रात्रभर बसून दोन पानं लिहिली. लेख चांगला आहे, संदर्भ अद्ययावत करावेत, भाषेत सुधारणा हवी. सरांनी एक शब्द बदलून ती वेबसाइटवर चढवली. महिन्याभरात जर्नलकडून आभाराचं सर्टिफिकेट आलं आणि फाइलला लागलं.

लेखात काय होतं

लेख तेलंगणातल्या त्या बाईंचा होता. बाईंनी दर विचारायचा नाद सोडून दिला होता. त्यांनी बायकांना वही दिली. रोज संध्याकाळी चार गोष्टी लिहायच्या: विकत आणलेलं पान, नाकारलेल्या विड्या, ब्रँचला जाण्यायेण्यात आणि रांगेत गेलेला वेळ, आणि घरातल्या मुलींनी केलेलं काम. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या वह्या शाळेत जाणाऱ्या लेकी भरायच्या. आठवड्याच्या शेवटी या चारी बाबींची रुपयांत किंमत काढून बेरीज, तिला दिवसांनी भागायचं आणि रोजच्या मजुरीतून वजा करायचं. उरलं ते निव्वळ. साधी युक्ती, पण ती सुचायला बाईंना बरीच वर्षं बायकांमध्ये बसावं लागलं होतं.

पाठवलेल्या मसुद्यात एक चूक राहिली होती. वही सहा दिवसांची, कारण सातवा दिवस सुट्टीचा. सूत्रात मात्र भागाकार सातानं. समजा आठवड्याचं नुकसान ८४ रुपये असेल, तर सातानं भागून रोजचे १२ येतात, खरे यायला हवेत १४. विद्यार्थिनीनं लिहिलेल्या रिव्ह्यूत ही चूक आली नाही. दुसऱ्या रिव्ह्यूअरनं ती बरोबर पकडली, बाईंनी दुरुस्त केली, आणि लेख छापून आला तेव्हा सूत्रात सहा होते.

मसुदा कुठंही आधी ठेवलेला नव्हता. ना प्रीप्रिंट, ना परिषदेतलं वाचन. म्हणजे ‘सात’ असलेलं ते सूत्र बाई, संपादक आणि दोन रिव्ह्यूअर यांच्यापलीकडं कुणी पाहिलेलं असायचं कारण नव्हतं.

चर्चासत्र

इकडं विद्यार्थिनीचा प्रबंध पळायला लागला. प्रश्नावली गेली, वही आली. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत आहे, विडी कामगारांची दहा हजार घरं. तिथं आणि शहरातल्या गल्ल्यांत ती उन्हातान्हात फिरली, वह्या वाटल्या, गोळा केल्या, प्रत्येक वहीतली बेरीज स्वतः तपासली. आकडे तिचे, बायका तिच्या, कष्ट तिचे. यात खोट एक नाही. पण चार रकाने तेच, क्रमही तोच, आणि वही सहा दिवसांची असताना भागाकार सातानं.

त्यावर इंग्रजीत एक पेपर तयार झाला. पहिलं नाव तिचं, दुसरं सरांचं. ही दोन नावांची गोष्टही समजून घेतलेली बरी. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत प्राध्यापकाच्या बढतीसाठी पेपरचे गुण ठरलेले आहेत, मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांना एका पेपरला १०. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला त्यातले ७० टक्के. म्हणजे विद्यार्थिनीचा पेपर जर्नलमध्ये छापून आला की सरांच्या खात्यात सात गुण. मार्गदर्शकाचं नाव घालायचं की नाही हा प्रश्न कुणी विचारत नाही. घालायचंच असतं.

हैदराबादच्या एका चर्चासत्रात तिनं तो पेपर वाचला. बाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. चार रकान्यांची स्लाइड आली तेव्हा त्यांना वाटलं, आपला लेख वाचून हिनं सोलापुरात काम केलेलं दिसतंय, छान. शेवटी आपलं नाव येईल म्हणून त्या थांबल्या. नाव आलं नाही. मग सूत्राची स्लाइड आली आणि त्यात सात होते. बाईंनी मोबाइल काढून फोटो घेतला. प्रश्नोत्तरात एवढंच विचारलं: ‘हे सूत्र कुठून घेतलंत?’ विद्यार्थिनी म्हणाली, ‘सरांच्या मार्गदर्शनाखाली आम्ही तयार केलं.’

बाईंनी तिथं वाद घातला नाही. त्यांनी जर्नलच्या संपादकांना पत्र लिहिलं, सोबत फोटो, आपला मसुदा आणि छापील लेख जोडला. रिव्ह्यूअरनं लेखकाची कल्पना किंवा माहिती उचलल्याचा संशय आला तर संपादकानं काय करावं, याचा पायरीपायरीचा तक्ता ‘कोप’नं करून ठेवला आहे: जुनी फाइल काढावी, रिव्ह्यू पाहावा, आणि आरोप असलेला माणूस व रिव्ह्यूअर यांच्यात काही नातं, एकच विभाग वगैरे आहे का ते तपासावं. इथं फार तपासावं लागलं नाही. रिव्ह्यूअरचं नाव आणि पेपरवरचं दुसरं नाव एकच होतं. संपादकांनी सरांना दोन ईमेल केले. उत्तर नाही. मग पत्र प्राचार्यांच्या टेबलावर आलं.

सिमिलॅरिटी सहा टक्के

पत्र वाचल्याबरोबर महाविद्यालयात पहिलं काय झालं? प्रबंधाची प्रकरणं ‘शोधशुद्धी’ या सरकारी योजनेतून मिळालेल्या, मजकुरातलं साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला लावली. अहवाल आला: सहा टक्के. इंग्रजी पेपरही दहाच्या आत. सरांना हायसं वाटलं. ऑफिसमध्ये बोललंही गेलं की प्रकरण संपलं, दहाच्या आत आहे.

ही दहा टक्क्यांची भानगड काय आहे? वाङ्मयचौर्याला आळा घालणारे आयोगाचे नियम २०१८ चे. त्यात चार पातळ्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० असेल तर विद्यार्थ्यानं सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. ४० ते ६० ला वर्षभर बंदी. ६० च्या वर नोंदणीच रद्द. सलग चौदा शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य धरायचं नाही. हे सगळं मुलांना तोंडपाठ असतं. सोलापुरात काय, पुण्यात काय, झेरॉक्सच्या दुकानातसुद्धा ‘दहाच्या आत आणून देतो’ म्हणणारे भेटतात.

पण त्याच नियमांत वर, व्याख्येच्या कलमात, काय म्हटलं आहे हे फार थोडे वाचतात. दुसऱ्याचं काम किंवा कल्पना घेऊन ती आपली म्हणून दाखवणं, ही वाङ्मयचौर्याची व्याख्या आहे. कल्पना हा शब्द तिथं स्पष्ट आहे. आणि गृहीतकं, निरीक्षणं, निष्कर्ष यांत साम्य चालणारच नाही असंही पुढं म्हटलं आहे. व्याख्या कल्पनेची आणि मोजणी शब्दांची, असा हा घोळ आहे. त्यातही हस्तलिखित इंग्रजी आणि प्रबंध मराठी. सॉफ्टवेअर शब्दाला शब्द लावून पाहतं. भाषा बदलली की त्याचे हात टेकले. चार रकाने, त्यांचा क्रम आणि एक चुकीचा भागाकार यांची टक्केवारी कोण काढणार?

माझं मत स्पष्ट आहे. टक्केवारीनं आपल्याकडची नीतिमत्ता सोपी केली आणि पोकळही केली. चोरी केली का, या प्रश्नाची जागा ‘किती आली?’ या प्रश्नानं घेतली आहे.

समितीपुढे

नियमाप्रमाणं तक्रार आधी विभागाच्या सचोटी समितीकडं जाते. तिचे अध्यक्ष विभागप्रमुख असतात. इथं विभागप्रमुख म्हणजे सरच. ज्याच्यावर तक्रार आहे त्या सदस्यानं बैठकीला बसू नये असं नियमात आहे, पण तीन जणांच्या समितीत अध्यक्षच उठून गेले तर कोरम कसा धरायचा, यावर तीन आठवडे गेले. शेवटी प्राचार्यांनी प्रकरण सरळ संस्थेच्या समितीकडं दिलं. तिथं बाहेरचा एक सदस्य लागतो. सोलापूरचं विद्यापीठ २००४ चं, आणि एकाच जिल्ह्याचं. विषयातले जाणकार मोजके. जो बाहेरचा म्हणून सुचवावा तो कुणाच्या तरी व्हायव्हाला, म्हणजे पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला, सरांबरोबर जेवलेला निघायचा. अखेर कलबुर्गीहून एक निवृत्त प्राध्यापक बोलावले, आणि ते फार बरं झालं.

विद्यार्थिनीनं काहीच लपवलं नाही. मोबाइलमधला मेसेज दाखवला. तिचं म्हणणं तीन भागांत होतं, आणि तिन्ही भाग वेगवेगळ्या वजनाचे आहेत.

पहिलं, पान कमी पडतं हे मला त्या लेखानं शिकवलेलं नाही. ‘आईनं पान विकत आणायला मला बाजारात पाठवलंय सर, पाचवीत असताना.’ हे खरं होतं आणि समितीतल्या कुणाकडं त्याला उत्तर नव्हतं. पण कलबुर्गीच्या सरांनी शांतपणे विचारलं, ‘मग पहिल्या प्रश्नावलीत पानाचा प्रश्न का नव्हता?’ ती गप्प झाली. अनुभव तिचा होता. त्या अनुभवाची मोजणी कशी करायची, ही कल्पना बाईंची होती. घरी माहीत असलेली गोष्ट संशोधनात आणायची वाट दुसऱ्यानं दाखवली तर वाटेचं श्रेय त्याचं. विद्यार्थिनीला हा फरक पटायला वेळ लागला, आणि मला तिचं नवल वाटत नाही. भल्याभल्यांना तो पटत नाही.

दुसरं, लेख छापलेला नव्हता, त्यावर नाव नव्हतं. मग संदर्भ कशाचा देऊ? हा मुद्दा बिनतोड वाटतो. पण नेमक्या याच कारणासाठी रिव्ह्यूला आलेल्या मजकुरातलं काही वापरायचं नसतं. श्रेय द्यायची सोयच तिथं नसते. छापून येईपर्यंत थांबणं किंवा संपादकांमार्फत लेखकाला विचारणं, हे दोनच रस्ते. तो लेख चर्चासत्राच्या आधी छापून आला होता. तिनं शोधला नाही. सरांनी तर नाहीच.

तिसरं, सरांनी दिलं, मी नाही कशी म्हणणार? याला काय उत्तर द्यायचं? सीएचबीची नेमणूक दर वर्षी नव्यानं होते आणि त्यावर विभागप्रमुखांचं मत लागतं.

मग सर आले. त्यांची अडचण मी जशी ऐकली तशी मांडतो, कारण या प्रकरणाचा गाभा तोच आहे.

त्यांना विचारलं, हस्तलिखित तुम्ही वाचलं होतं का? वाचलं म्हणावं, तर दीड वर्षानं स्वतःच्या नावाच्या पेपरमध्ये तेच चार रकाने आणि तेच सूत्र दिसल्यावर ओळखलं कसं नाही? म्हणजे ठाऊक असून उचललं. ते तर त्यांना कबूल नव्हतं. म्हणून ते म्हणाले, नाही, सविस्तर वाचलं नव्हतं, विद्यार्थिनीवर विश्वास होता. बरं, मग रिव्ह्यू कुणाच्या नावानं गेला? त्यांच्या. आता पेपर. तो तरी वाचला होता का? वाचला असता तर निदान वही सहा दिवसांची आणि भागाकार सातानं हे दिसलं असतं. ते म्हणाले, वेळ मिळाला नाही.

चोर नाही हे सिद्ध करायला त्यांना कबूल करावं लागलं की ज्या लेखाचा रिव्ह्यू आपल्या नावानं दिला तो वाचला नव्हता आणि ज्या पेपरवर लेखक म्हणून नाव आहे तोही वाचला नव्हता. वैद्यकीय जर्नल संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं लेखक कुणाला म्हणावं याच्या चार अटी घातल्या आहेत. त्यातली शेवटची अशी की लेखातल्या सगळ्या गोष्टींची जबाबदारी घ्यायची तयारी हवी. सात गुण घेताना ती अट कुणी विचारत नाही.

समितीतले एक जण म्हणाले, एवढं काय, शेवटी एक सूत्र तर आहे. त्यावर कलबुर्गीच्या सरांनी आइनस्टाइनची गोष्ट सांगितली. १९३६ मध्ये आइनस्टाइन आणि रोझन यांनी गुरुत्वीय लहरींवरचा लेख ‘फिजिकल रिव्ह्यू’ला पाठवला. संपादक जॉन टेट यांनी तो एका तज्ज्ञाला दाखवला आणि आक्षेप कळवले. आइनस्टाइन भडकले: छापण्याआधी आमचा लेख दुसऱ्याला दाखवायची परवानगी आम्ही दिली नव्हती. लेख परत घेतला. तो तज्ज्ञ म्हणजे हॉवर्ड रॉबर्टसन, प्रिन्स्टनमधलाच. आक्षेप त्याचाच बरोबर होता. पुढं त्यानं आइनस्टाइनचे सहकारी इन्फेल्ड यांना गप्पांच्या ओघात चूक दाखवून दिली आणि लेख दुरुस्त होऊन दुसरीकडे आला. पण तो रिव्ह्यूअर आपणच होतो, हे त्यानं मिरवलं नाही. जगाला ते २००५ च्या सुमारास जर्नलच्या नोंदवहीतून कळलं. ‘लेख दुसऱ्याला दाखवला म्हणून आइनस्टाइन चिडला,’ कलबुर्गीचे सर म्हणाले, ‘आणि आपण व्हॉट्सअॅपवर टाकतो.’

(आता तर व्हॉट्सअॅपही मागं पडत चाललंय. रिव्ह्यूला आलेली पीडीएफ सरळ चॅटबॉटला द्यायची आणि दोन पानं मागायची. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं अनुदान प्रस्तावांच्या रिव्ह्यूअरना हे करायला २०२३ मध्येच बंदी घातली. गोपनीयतेचा मुद्दा तोच, नुसता ऐकणारा बदलला.)

निकाल

समितीची खरी पंचाईत शिक्षेपाशी झाली. नियमांतल्या शिक्षा टक्केवारीला बांधलेल्या. सहा टक्क्यांना शिक्षाच नाही. व्याख्येप्रमाणं वाङ्मयचौर्य झालं, आणि पातळीप्रमाणं झालं नाही. कलबुर्गीच्या सरांनी सुचवलं की मार्गदर्शकाला दोन वर्षं नवीन विद्यार्थी देऊ नयेत. बाकीच्यांनी बोट ठेवलं की ती शिक्षा ४० टक्क्यांच्या वरच्यांसाठी आहे, ती लावली तर सर कोर्टात जातील आणि जिंकतील. तेही खोटं नव्हतं.

शेवटी ठरलं ते असं. चर्चासत्राचा पेपर मागं घ्यायचा, संपादित ग्रंथात जाणार असेल तर थांबवायचा. प्रबंधाचं पद्धतीचं प्रकरण नव्यानं लिहायचं, त्यात वहीची पद्धत आणि सूत्र बाईंच्या छापील लेखातलं आहे हे स्पष्ट सांगायचं, आणि मसुदा कसा हाती आला तेही लिहायचं. सगळी कोष्टकं सहानं भागून पुन्हा करायची. सरांना लेखी समज. प्रत्येक मार्गदर्शकाला प्रबंधासोबत वाङ्मयचौर्य नसल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. या प्रबंधाचं प्रमाणपत्र दुसऱ्या प्राध्यापकानं वाचून द्यावं अशीही शिफारस झाली. जर्नलनं आपल्यापुरतं सरांचं नाव रिव्ह्यूअरच्या यादीतून कायमचं काढलं.

मला हा निकाल अर्धा पटतो. मसुदा कसा मिळाला हे प्रबंधातच लिहायला लावलं, ते उत्तम झालं. असं पान आपल्या प्रबंधांत मी क्वचितच पाहिलं आहे. पण भार कुणावर पडला ते बघा. विद्यार्थिनीचे आठ महिने गेले, त्या वर्षीची पूर्णवेळ जागेची मुलाखत गेली. सरांकडं समजपत्राचा एक कागद आला. पीडीएफ पुढं पाठवली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं, आणि नेमकी तीच कृती कुठल्याच पातळीत बसत नव्हती. पुस्तकात नियम नाही म्हणून समितीला निदान आपलं मत सणसणीत शब्दांत नोंदवता आलं असतं. तेही मिळमिळीत नोंदवलं.

कोष्टकं पुन्हा केल्यावर एक गोष्ट समोर आली. सातानं भागल्यामुळं बायकांचं रोजचं नुकसान सगळीकडं कमी दिसत होतं. खऱ्या नुकसानाचा सातवा हिस्सा कागदावरून गायब होता. ज्या आईनं तिला पान आणायला पाठवलं होतं, तिच्यासारख्यांचंच नुकसान लेकीच्या प्रबंधात कमी लागलं होतं. तिनं स्वतः सूत्र मांडलं असतं तर सहा आणि सात यांची गफलत तिच्या हातून झालीच नसती, कारण विडी कामगाराच्या घरातल्या पोरीला सुट्टीचा दिवस कोणता हे सांगावं लागत नाही. उसन्या सूत्रावर विचार करायची गरज पडली नाही, म्हणून तो केला नाही.

बाईंना सुधारलेलं प्रकरण पाठवलं. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्त्या सुचवल्या, सोलापूरच्या आकड्यांचं कौतुक केलं. विद्यार्थिनीनं एकत्र पेपर लिहू या का म्हणून विचारलं, त्याला त्यांनी नकार दिला. कारण दिलं नाही, आणि ते द्यायला त्या बांधीलही नव्हत्या.

सर अजून विभागप्रमुख आहेत आणि विभागाच्या सचोटी समितीचे अध्यक्षही. रिव्ह्यूअर म्हणून मिळालेलं ते सर्टिफिकेट बढतीच्या फाइलला अजून लावलेलं आहे. ते काढा असं समितीनं सांगितलं नव्हतं.